मंगळवारचं पांढरं पाणी

मारुतीच्या सभामंडपात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओतूरपासून पाच मैलांवरची आमची वाडी, उंबरे मोजून साठ. पण बायका जमल्या होत्या शंभराच्या वर, आणि प्रत्येकीच्या हातात घरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या. कुणी पदराखाली झाकलेला, कुणी वर वाटी पालथी घातलेला. मधोमध चौरंग, चौरंगावर काचेचा रिकामा पेला आणि चौरंगामागे सुगंधाताई.

ही बाई नेमकी कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाशिककडची, एवढंच सगळ्या सांगत. मोतिया रंगाची साडी, कपाळाला चंदन, मांडीवर कापडी झोळी. ती येण्याआधी तिचा वास यायचा. निलगिरी, गवती चहा, कापूर आणि वर काहीतरी गोडसर. आमच्याकडे शेणाच्या, कांद्याच्या आणि औषध फवारणीच्या वासात वाढलेल्या बायका तो वास छाती भरून घेत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही घेतला.

"बहनों, माताओं," सुगंधाताई सुरू झाल्या. टीव्हीवरचं हिंदी, पुस्तकातलं मराठी आणि मधूनमधून इंग्रजीची फोडणी. "आजचं सायन्स ज्याला अरोमा म्हणतं, ते आपल्या ऋषींनी पाच हजार वर्षांपूर्वी पानातून काढलं. हे तेल नाही, हा अर्क आहे. पानाचा आत्मा! फरशीच्या पाण्यात तीन थेंब, उशीवर दोन, समईत एक. सर्दी जाते, मुंग्या जातात, टेन्शन जातं. फॉरेनचे डॉक्टर गोळ्या बंद करून हेच देतात. पण आधी घर तपासावं लागतं. घरात जळकी नजर बसली असेल तर बिचारा अर्क काय करणार?"

"काय करनार!" बायकांनी मान डोलावली.

"मीठमोहरी ओवाळून नजर उतरते, पण कुणाची होती ते कळतं का? नाही. अर्क दाखवतो."

पहिली आली सोपानची बायको कुशाबाई. तिच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, सुगंधाताईंनी झोळीतून हिरवी बाटली काढून तीन थेंब टाकले. तेल पाण्यावर तरंगलं, चकचकीत गोल. पाणी होतं तसंच नितळ. "शुद्ध घर!" सुगंधाताई म्हणाल्या. कुशाबाईने एकवीस दिवस तेल वापरलं होतं. ती अशी फुशारून परतली, जणू बोर्डात आली.

दुसरी आमच्या घरची, माझी सासू प्रयागबाई. पेला विसळला, आमचं पाणी ओतलं, झोळीत हात गेला, तशीच हिरवी बाटली बाहेर आली. पहिला थेंब पडला आणि पाण्यात धुराची वळी उतरली. दुसरा, तिसरा. बघता बघता पेला पांढराफट्ट झाला.

"आगं बया! दुधावानी झालं की!"

सुगंधाताईंनी डोळे मिटले. "घरात एक लेकरू आहे. चार वर्षांचं. त्याला श्वासाचा त्रास आहे. आणि घरात एक बाई आहे, जिची कूस उजवली नाही. तिची नजर त्या लेकरावर आहे."

मी नुकतीच एसटीतून उतरून, डब्याची पिशवी काखेला लावून, मागच्या खांबाशी उभी होते. शंभर बायकांनी माना वळवल्या.

इथे खरं तर हसायला हवं होतं. ओतूरला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात अकरा वर्षं कंपाउंडरकी करणारी मी. कुणाच्या अंगात आलं तर आधी थर्मामीटर लावणारी. पण मला हसू आलं नाही, कारण ती बाई जे बोलली ते खरं होतं. माझी नजर त्या लेकरावर होतीच.

आता सगळं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. लग्नाला चौदा वर्षं झाली, मला मूल नाही. धाकटी जाऊ तेजस्विनी आली आणि वर्षाच्या आत तिला दिवस राहिले. आरोही झाली त्या दिवशी वाडीभर पेढे मी वाटले आणि संध्याकाळी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडले. पोरीला न्हाऊमाखू घालायला मी, पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या बोटाला धरून. पण ठेच लागली की ती "मम्मी" म्हणून तेजूकडे पळायची, आणि माझ्या छातीत काहीतरी करपायचं. सासूने तेजूला सढळ हाताने तूप वाढलं की मी भाकरी मुकाट्याने चघळायची. मी विणलेला लाल स्वेटर तेजूने एकदाच घातला पोरीला, म्हणाली, "टोचतं हो, आक्का." त्या एका वाक्यावर मी महिनाभर जळले.

वर ही सुगंधाताई. ती यायच्या आधी वाडीतल्या बायका संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायच्या. मंगल, ताप उतरंना. मंगल, ह्या गोळ्या कवा घ्यायच्या. मी अर्धी डॉक्टर होते त्यांची. महिन्याभरात ओटा ओस पडला. म्हणजे मी तिच्यावरही जळत होते. अशा बाईला कुणी "तुझी नजर जळकी आहे" म्हटलं, तर तिने उत्तर काय द्यायचं?

त्या दिवसापासून आमच्या घराचा कारभार तेलाकडे गेला. फरशी तेलाने, अंथरूण तेलाने, समईत तेल, पिण्याच्या माठाजवळ तेलाची वाटी. दाराला तेलाचा बोळा. आरोहीच्या छातीला कापराचं तेल, नाकपुड्यांना निलगिरी, उशीला आणखी काहीतरी. दवाखान्यातून मीच आणून दिलेला तिचा दम्याचा पंप सुगंधाताईंनी बंद करायला लावला होता. "केमिकल आणि अर्क एका अंगात नांदत नाहीत." सासूने तो कुठल्याशा डब्यात टाकून फडताळावर ठेवला. आणि मला सांगण्यात आलं की एकवीस दिवस पोरीला हात लावायचा नाही.

"आत्याबाई, तिची धाप वाढलीया," मी चौथ्या दिवशी म्हणाले. "हा वास लई उग्र हाय. तिला सोसंना."

"वास सोसंना का नजर?" सासू म्हणाली. "आदी तुजं आवर."

तेजू चुलीपुढे होती. तिने वर बघितलं नाही. ती वाईट बाई नव्हे, पण आईचं मन कशालाही भितं. तिने पोरीला उचललं आणि माझ्यापासून लांब, आतल्या खोलीत नेऊन निजवलं. आतल्या खोलीत खिडकी नव्हती. होता तो सगळा वास तिथे कोंडलेला.

घरोघरी तपासणीची एक छोटी बाटली दिलेली होती. दर मंगळवारी दिवेलागणीला तीन थेंब टाकून बघायचं. फक्त आपल्या घरच्या पिण्याच्या पाण्यात. दुसऱ्याच्या पाण्यात टाकलं तर त्यांची पीडा आपल्या उंबऱ्यात येते, अशी सक्त ताकीद होती. वाडीत साठ घरं. पण विहिरीच्या, डबक्याच्या, निदान गुराच्या पाण्यात एक थेंब टाकून बघावा, असं एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही. दवाखान्यात अकरा वर्षं काढलेल्या मलाही भीती वाटली, हे लिहिताना आज लाज वाटते.

उलट मी काय केलं सांगू? दुसऱ्या मंगळवारी मी दिवसभर चांगलं वागले. पहाटेच ठरवलं, आज कुणावर जळायचं नाही. एसटीत पुढच्या सीटवर एक बाई जुळी पोरं घेऊन बसली होती, मी खिडकीबाहेर बघितलं. दवाखान्यात बाळंतिणींची नावं लिहिताना मनात रामरक्षा म्हटली. तेजूसाठी ओतूरहून मोगऱ्याचा गजरा आणला. संध्याकाळी सासूने थेंब टाकले. पाणी पांढरं. मंगळवार फुकट गेला आणि गजराही. तेजूने तो देव्हाऱ्यात ठेवून दिला, केसात माळला नाही.

"बग," सासू माझ्या नवऱ्याला म्हणाली, "गजरा आनला तरी नजर काय जात न्हाई."

माझा नवरा संपत गरीब माणूस. "आसं कसं आसंल, आये," एवढं म्हणून तो गोठ्याकडे गेला. दीर सुदर्शन मंचरच्या बाजारात टोमॅटो घेऊन गेलेला. माझ्या बाजूने बोलायला घरात म्हैस तेवढी होती. मला वाटू लागलं, असेल बाई खरं. माझंच मन एवढं काळं असेल की ते पाण्यालाही कळतं. पोरीच्या छातीतली शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि मी तोंडात पदर कोंबून बसायची.

मग आला शनिवार. दवाखान्याची फरशी पुसणारी साळुबाई आवणीला माहेरी, पश्चिमेकडच्या डोंगरात गेली होती. भातलावणी म्हटल्यावर ती पंधरा दिवस परतत नाही. म्हणून बादली मीच भरली आणि रोज ती करते ते मी केलं. फिनेलची बाटली उघडून पाण्यात धार सोडली.

धुराची वळी उतरली. मग ढग. मग सगळी बादली पांढरीफट्ट.

मी बादलीपुढे उकिडवी बसले ती उठलेच नाही. अकरा वर्षं हे पांढरं पाणी डोळ्यांपुढे होतं. साळुबाई रोज करायची, मी रोज ओलांडून जायची. या बादलीत कुणाची नजर होती? साळुबाईची? डॉक्टरीणबाईंची? मी एकटीच मोठ्याने हसले. दारात थांबलेला पेशंट घाबरून दोन पावलं मागे सरला.

डॉक्टरीणबाई आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून निलगिरीचं तेल काढलं, इंजेक्शनआधी चोळायचं स्पिरिट काढलं. एका बाटलीत दोन्ही मिसळून हलवलं. मिश्रण पाण्यासारखं नितळ. मग दोन पेले पाणी मांडलं. एकात नुसत्या निलगिरीचे तीन थेंब टाकले, ते वर तरंगले, गोल गोल. दुसऱ्यात मिश्रणाचे तीन थेंब. दूध!

"यात चमत्कार काही नाही, मंगल," त्या म्हणाल्या. "तेल पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. हे मिश्रण पाण्यात पडलं की स्पिरिट पाण्यात मिसळून जातं आणि तेल एकटं पडतं. त्याचे इतके बारीक कण होतात की उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं. फिनेलमध्ये तेच काम साबण करतो. तिच्याकडे दोन बाटल्या आहेत, एवढंच. कुठली कुणाला लावायची ते ती ठरवते."

"पन तिला आमच्या घरातलं कसं कळलं, बाई? पोरीचं, माजं?"

"ती तुमच्या घरी कधी चहाला आली होती?"

आली होती. सभा भरायच्या आठ दिवस आधी. सासूने तिला दुधाचा चहा पाजला होता आणि तासभर घरचं सगळं सांगितलं होतं, मोठी सून, धाकटी सून, पोरीची धाप. प्रत्येक घरी ती चहा पिऊन आली होती. तिला दिव्यदृष्टी लागलीच नाही, आमच्या बायकांची तोंडं पुरली.

डॉक्टरीणबाईंनी मग एक नवा पंप काढला, पंपाला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं काढलं, चिठ्ठी लिहिली. "दम्याच्या पोरीला असले उग्र वास विषासारखे. श्वासनळ्या आणखी आवळतात. कापराचं तेल लहान मुलांच्या नाकाजवळ नेऊच नये, पोटात गेलं तर फिट येते. आज घरी गेल्या गेल्या तिच्या आईला सांग. तेल बंद, खोलीत वारा, आणि हे सुरू. आजच."

मी पंप पिशवीत ठेवला. एसटीत बसले. आणि ओतूर ते वाडी या वीस मिनिटांत माझ्या मनाने वेगळाच बेत शिजवला.

आज सांगितलं तर कुणाला सांगणार? चुलीपुढे तेजूला आणि सासूला. त्या विश्वास ठेवतील न ठेवतील. ठेवला तरी भांड्यांखेरीज ऐकणारं कोण? मला मात्र शंभर बायकांपुढे उभं केलं होतं. शंभर माना माझ्याकडे वळल्या होत्या. त्याच माना मला पुन्हा वळलेल्या बघायच्या होत्या. सुगंधाताईचं तोंड पडलेलं बघायचं होतं. आणि सगळ्यात जास्त, तेजूला खाली मान घालून बसलेली बघायचं होतं. मंगळवार तीन दिवसांवर होता. तीन दिवसांनी काय बिघडतंय, मी मनाशी म्हणाले.

शनिवारी मी बोलले नाही. रविवारी आरोहीने खाल्लेलं ओकून टाकलं, तरी बोलले नाही. सोमवार श्रावणातला पहिला, ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी बघायला ही गर्दी. दवाखान्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. घरी परतल्यावर फुरसत होती.

मंगळवारी मंडप पुन्हा भरला. या खेपेला मी खांबामागे थांबले नाही, पिशवी घेऊन थेट चौरंगापुढे गेले. मागच्या रांगेत तेजू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, ते मी पाहिलं होतं. ती तिथे आहे याचा मला आनंदच झाला होता.

"ताई, आज आमचं पाणी मागनं तपासा," मी म्हणाले. "आदी तुमचं तपासू."

"माझं?" सुगंधाताई गोड हसल्या. "गुरूच्या पाण्याची परीक्षा घेत नाहीत, बेटी. घोर पाप लागतं."

"लागू द्या. माजी नजर न्हाईतरी जळकीच हाय."

बायकांत खसखस पिकली. सुगंधाताईंनी हात आडवा घालायच्या आत मी त्यांच्याच तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि आमच्या घरची तपासणीची बाटली काढून तीन थेंब टाकले. पेला पांढराफट्ट झाला. मंडपात असा आवाज उठला की कळसावरची पाखरं उडाली.

"ये औरत जली हुई है!" सुगंधाताई ओरडल्या. "हिच्या हाताच्या स्पर्शानं अर्क बिघडला!"

"मग तुमच्या हातानं घ्या." मी त्यांची झोळी चौरंगावर उपडी केली. दोन खणांतून दोन जातीच्या बाटल्या घरंगळल्या, काच तीच, चिठ्ठी तीच. एकीतलं तेल तरंगलं, दुसरीतल्याने दूध झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी मंडपाबाहेरच्या नळावरून तांब्या भरून आणला, पिशवीतून दवाखान्याचं फिनेल काढलं आणि धार सोडली. पुन्हा दूध.

"आगं, ह्ये तर फरशीचं!" पुढच्या रांगेतली लंकाबाई किंचाळली. "माजी ल्येक मंचरला शाळंत रोज टाकती की ह्ये!"

"मग सांग लंकाबाई, नळाला कुनाची नजर लागली?"

"नळाला? नळाला तर पानीच येत न्हाई चार चार दिस, त्याच्यावं कोन जळतंय!"

मंडप हसून हसून लोळला. आणि मी, मी त्या हसण्यात न्हाऊन निघाले. महिन्याभराचं करपणं निवत होतं. मी स्पिरिटचं सांगितलं, तेलाच्या कणांचं सांगितलं, चहाचं सांगितलं. कुशाबाईला उभं करून विचारलं, "तू काय काय सांगितलंस हिला, बोल." ती लाजली. मी पुढचीला विचारलं. मग तिच्या पुढचीला.

"आक्का," मागून तेजूची हाक आली.

मी हात वर केला. "थांब. आदी हे व्हऊ दे."

हे मी म्हणाले. शंभर बायका साक्षीला आहेत. मी आणखी एका बाईला उभं केलं, तिलाही विचारलं, पुन्हा हशा झाला. मग तेजूची दुसरी हाक आली, आणि ती हाक नव्हती, किंकाळी होती.

गर्दी फाकली. आरोहीची मान मागे गेली होती. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. छातीतली शिट्टी थांबली होती, कारण शिट्टी वाजण्याइतकी हवाही आत जात नव्हती. ओठ जांभळे. मी चौरंगाला ठेचकाळत धावले. पिशवीत हात घातला. पंप शनिवारपासून तिथेच होता. नळकांडं तोंडाला लावलं, पंप दाबला. "घे बाळा, वड. आनखी वड." चार वेळा दाबला. सोपानची जीप बाहेर उभी होती, त्याने विचारलंही नाही, चावी फिरवली. वाटभर मी दर थोड्या वेळाने पंप दाबत होते आणि तेजू पोरीचं डोकं धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

दवाखान्यात वाफेचं मशीन लागलं, ऑक्सिजन लागला. पाऊण तासाने आरोहीने डोळे उघडले, "पानी" म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

सुगंधाताई त्या गोंधळात झोळी टाकून निघून गेल्या. मागून आलेली सासू बाकावर बसून दोन्ही गालांवर स्वतःच्या हाताने मारून घेत होती. "मंगल, आमचं चुकलं गं," ती म्हणाली. ज्या शब्दांसाठी मी तीन दिवस थांबले होते ते शब्द माझ्या पायाशी येऊन पडले, आणि मला ते उचलवेनात.

पंपाच्या खोक्यात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. तेजूने ती उलगडून वाचली. ती बारावीपर्यंत शिकलेली. तिने एकदा वाचली, परत वाचली.

"आक्का, ही चिठ्ठी शनवारची हाय."

"व्हय."

"म्हंजी तुमाला शनवारीच कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग शनवारी का न्हाई सांगितलं?"

मला थापा मारता आल्या असत्या. "तू ऐकली नसतीस" म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण समोर ती पोर मशीनची नळी धरून श्वास घेत होती.

"तुला समद्यांदेखत खाली मान घालाय लावायची व्हती," मी म्हणाले. "म्हनून."

तेजूने चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि पोरीच्या उशाशी जाऊन बसली. पुढे ती माझ्याशी बोलू लागली, पण दिवाळी उलटल्यावर. आरोही आता मोठी झाली आहे, पंप स्वतः घेते, आणि ही गोष्ट तिला मी स्वतः सांगितली आहे.

वाडीतल्या बायका आजही त्या मंगळवारची गोष्ट रंगवून सांगतात, फिनेलची, नळाची, लंकाबाईची. मंगलने बुवाबाजी उघडी पाडली म्हणतात. मी त्यांना उरलेली गोष्ट सांगते. माझ्या नजरेने आरोहीला काहीही झालं नव्हतं. चार वर्षं जळून जळून मी तिच्या एका केसालाही धक्का लावू शकले नाही, कारण डोळ्यांतून असलं काही बाहेर पडतच नाही. तिला त्रास झाला तो कोंडलेल्या खोलीने, उग्र तेलाने, बंद केलेल्या पंपाने, आणि शेवटचे तीन दिवस माझ्या गप्प राहण्याने. या चारही गोष्टी माणसाच्या हातून होतात आणि माणसाला थांबवता येतात.

तेलावर माझा राग नाही. गवती चहाच्या तेलाने फरशी पुसली तर घर छान वाटतं, मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर निलगिरीची वाफ बरी वाटते. बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, त्यांच्या नाकाला लावू नका, आणि ज्याला दमा आहे त्याच्या आसपास तर नकोच. कुणी म्हणालं की या बाटलीत माणसाचं मन दिसतं, तर तिचे थेंब आधी नळाच्या पाण्यात टाकून बघा, मग सांगणाऱ्याच्या पाण्यात टाका. पाप लागेल म्हणून तो अडवू लागला, तर तिथेच ओळखा. आणि खरं काय ते तुम्हाला कळलं, तर ते त्याच दिवशी, चुलीपुढे, एकाच माणसाला का होईना, सांगून टाका. गर्दी जमायची वाट बघू नका.